आत अडकलेली हवा

भैंसा गावातल्या एका मेकॅनिकनं भंगारातल्या मोटारींचे विजेवर उघडझाप करणारे सोलेनॉइड वाल्व लावून पळसाच्या पत्रावळ्या दाबायचं मशीन बनवलं होतं. त्याचा जड साचा कॉम्प्रेसरच्या हवेनं वर-खाली व्हायचा. दर ठोक्याला तो माणूस हवेच्या नळीला कान लावी. बायकोला ते विकत घ्यायचं होतं, म्हणून तिनं मला मशीन पारखायला धाडलं होतं. घरात मी बल्बही बदलत नाही.

वीज गेली. साचा अधांतरी थांबला. खालची पत्रावळ काढायला मी शहाण्यासारखा हात घातला. त्यानं मनगट धरून मला मागं खेचलं.

“काऊन मराले पाहून राह्यले, काका?”

“मशीन तं बंद हाय ना, भाऊ!”

“लाइट गेली. हवा आतच हाय. मी रोज भितो तिले.”

त्यानं दुसऱ्या हातानं नळी सैल केली. फुस्स झालं आणि साचा धाडकन आदळला.

मनगट अजून त्याच्या मुठीत होतं. ते न सोडताच त्यानं नळीला पुन्हा कान लावला.