सरळ तासाचा हात

तिफण धरावी तर जानरावनं, असं अकोटाच्या बाजूला लोक म्हणायचे. काळ्या रानात त्यानं बैल हाकलले की या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पेरणीचा तास असा जायचा, की कोणी दोरी धरून आखला असावा. वाकडं त्या हाताला जमतच नव्हतं. शेजारचे शेतकरी पेरणीच्या दिवसांत मुद्दाम बांधावर उभे राहून बघायचे आणि घरी जाऊन आपल्या पोरांना शिव्या द्यायचे.

तोच हात एकदा चुलतभावाच्या डोक्यावर पडला. भांडण धुऱ्याचं होतं, दोन शेतांमधल्या बांधाचं. वऱ्हाडात हातभर धुऱ्यासाठी माणूस सख्ख्या आईलाही ओळखत नाही, हा तर चुलतभाऊ. जानरावच्या हातात गाडीची उभारी होती, जाड लाकडी दांडा. ती एकदा पडली आणि तेवढीच पुरली. अकोल्याच्या कोर्टात वकिलानं पढवलेलं सगळं विसरून तो म्हणाला, "मारलं सायेब. राग आला होता." जज्जनं दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. फाशी किंवा काळं पाणी होईल अशी सगळ्यांची अटकळ होती, म्हणून गावानं त्याला नशीबवानच म्हटलं.

मागं बायको मैनाबाई राहिली, आणि वासरं राखण्याएवढी झालेली एकुलती एक पोर, शकुन.

तुरुंग कोणता होता ते सांगून काय करायचं? वऱ्हाड मध्यप्रांताच्या गळ्यात बांधल्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, आणि साहेबाचे सगळे तुरुंग आतून सारखेच होते. तीच दगडी भिंत, तीच चक्की, तीच खडे मिसळलेल्या ज्वारीची भाकर. जानराव पहिलं वर्ष चक्की पिसत राहिला. खाली मान घालून पिसायचा. मुकादमानं आईवरून शिवी दिली तरी मान वर करायचा नाही. कारण त्याला एक गोष्ट कळली होती. नीट वागणाऱ्याला शिक्षेत सूट मिळते.

ही सूट देण्याची भानगड मोठी हुशारीची होती. शिपाई ठेवायला सरकारला पगार पडतो. मग सरकारनं कैद्यांवर कैदीच नेमले. आधी नुसता पहारेकरी, मग मुकादम, मग वॉर्डर. वॉर्डराच्या डोक्यावर काळी टोपी यायची आणि सूट सगळ्यांत जास्त मिळायची. भिंत उभारायला दगड-चुना लागतो, माणसाला माणसावर सोडायला एक टोपी पुरते. आपले लोक म्हणतातच, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

जानरावला टोपीची हौस नव्हती. त्याला घरी जायचं होतं, आणि शकुनचं लग्नाचं वय टळायच्या आत जायचं होतं. बाप तुरुंगात असलेल्या पोरीला कोण करून घेणार? आणि बाप नुसता सुटून भागत नाही. तुरुंगात कोणाच्याही हातचं खाल्लेला माणूस परत आला की त्याला आधी जातीत घ्यावं लागतं. त्यानं अंगणात पंगत मांडायची, पंचांनी सांगितलेल्या माणसानं पहिला घास घ्यायचा, मग बाकीचे जेवणार. तो घास कोणी घेतला नाही तर तो माणूस जन्माचा बाहेर, आणि त्याची पोर बापाच्या घरीच म्हातारी होणार. हे सगळं जानराव चक्की ओढता ओढता मनात घोळवत असे. काही वर्षांत त्याच्या डोक्यावर काळी टोपी आली.

टोपी आली त्याच साली नत्थुजी तुरुंगात आला. नत्थुजी शेजारच्या गावचा, जानरावच्याच जातीचा. मेळघाटाच्या बाजूला सागाच्या लाकडांवरून त्याची गाडी जप्त करणाऱ्या जंगलखात्याच्या नाकेदाराला त्यानं चांगलं बदडलं होतं, म्हणून दोन वर्षं. जीभ तिखट, पण मनात काही ठेवणारा नाही. पहिल्याच आठवड्यात हौदावर गाठ पडली तेव्हा तो टोपीकडं बघून हसला.

"काय गा जानराव, लगीन लावून रायले काय तुहं? टोपी मोठी शोभते."

"हळू बोल, नत्थुभाऊ. माही शकुन कशी हाये?"

"मायसारखी उंच झाली पोरगी. आयक, माह्या बहिनीले मी सांगून ठेवलं हाये. माहा भाचा हाये ना, त्याच्यासाठी. तू घरी ये, जातीत ये, मंग हळद लावू."

 जानरावनं हौदातलं पाणी तोंडावर मारलं आणि डोळे पुसले. त्या दिवसापासून नत्थुजीच्या वाट्याला तो जमेल तेव्हा बिनखड्याची भाकर घालू लागला.

पण नत्थुजीचा स्वभाव चक्कीत दळला जाण्यासारखा नव्हता. ओकारी येईपर्यंत पिसून झाल्यावर एका मुकादमानं त्याच्या पुढ्यात आणखी ज्वारी ओतली, तेव्हा त्यानं चक्कीचा खुंटा उपटला आणि मुकादमाच्या डोक्यात घातला. मुकादम वाचला. नत्थुजीला वीस फटक्यांची शिक्षा झाली.

जेलरनं जानरावला बोलावलं. फटके वॉर्डरच मारायचा, आणि जानरावचा हात चांगला आहे हे त्यानं कुठून तरी ऐकलं होतं. जानराव म्हणाला, "साहेब, तो माह्या गावाकडचा हाये." जेलर म्हणाला, गावाकडचा असेल तर नाही म्हण. टोपी इथं टेबलावर ठेव आणि सूटही ठेव. तो ओरडला नाही की धमकावलं नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं.

जानराव टेबलासमोर उभा राहिला. टोपी डोक्यावरच राहिली.

त्याच संध्याकाळी तो कोठडीशी गेला. नत्थुजी भिंतीला टेकून मांडी घालून बसला होता.

"तूच मारशीन म्हनते," नत्थुजी म्हणाला.

"दुसऱ्यानं मारलं तं जीव घेईल तो तुहा. मी हात राखून मारीन."

"राख बापा," नत्थुजी म्हणाला. त्याच्या आवाजात तेव्हा पहिल्यांदाच भीती होती. "लय राख."

सकाळी आवारात टिकटी उभी केली. तीन बल्ल्यांची ती तिपाई, वर हात बांधायचे, खाली पाय. कमरेखाली औषधात भिजवलेलं फडकं. डॉक्टरनं छाती तपासून मान हलवली. सगळ्या कैद्यांना बघायला रांगेनं उभं केलं होतं. जेलरसाहेब सावलीत खुर्ची टाकून बसला होता.

जानरावनं वेत उचलला आणि बोलल्याप्रमाणं हात राखला. पहिला, दुसरा, तिसरा. वेत नुसता अंगाला लागत होता. साहेबानं हात वर केला. हे फटके धरायचे नाहीत, पहिल्यापासून मोजा, असं तो म्हणाला आणि जानरावच्या डोक्यावरल्या टोपीकडं बघितलं.

जानराव दया करायला गेला आणि तीन फटके वाढवून बसला.  आता त्याला नत्थुजी दिसत नव्हता. जेलरचं टेबल दिसत होतं आणि घरी उंच झालेली पोर दिसत होती. त्यानं पाय रोवले आणि हात मोकळा सोडला.

फटके मारण्यात मुरलेला माणूस जागा बदलत जातो. एक वर, एक खाली. त्यानं कातडं फाटतं पण माणूस उभा राहतो. हे जानरावला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या हाताला एकच विद्या येत होती. पहिला फटका जिथं पडला त्याच ओळीत दुसरा पडला, दुसऱ्याच्या ओळीत तिसरा. तिफणीचा तास जसा सुटत नाही तसा. पाचव्या-सहाव्याला नत्थुजी ओरडला.

"जागा बदल! जानराव, जागा बदल गा!"

जानरावनं ते ऐकलं. पुढचा फटका तिथंच पडला, त्याच्या पुढचाही. "जागा बदल, माह्या बापा, जागा बदल," असं नत्थुजी ओरडत राहिला आणि मग नुसतं ओरडणं राहिलं, मग तेही थांबलं. हात ऐकत नव्हता की जानरावच ऐकत नव्हता, हे त्याला पुढं जन्मात ठरवता आलं नाही. सोडला तेव्हा नत्थुजीच्या डाव्या बाजूला कुल्ल्यावर एकच खोल चीर होती, नांगरल्यासारखी. साहेब मात्र समाधानानं उठला.

नत्थुजी कित्येक महिने तुरुंगाच्या दवाखान्यात पडून होता. जखम चिघळली, आतपर्यंत गेली. जानरावला दवाखान्यात जायची मुभा होती, टोपी होती ना. तो एकदाही गेला नाही. नत्थुजी सुटून गेला तेही त्याला दुसऱ्याकडून कळलं.

दोन-अडीच वर्षांनी, सगळी सूट पदरात घेऊन, जानराव सुटला. अकोल्यापर्यंत रेल्वे, तिथून अकोटाला जाणाऱ्या कापसाच्या रिकाम्या गाडीत. मैनाबाई धुऱ्यापर्यंत पायी आली होती. शकुन खरंच उंच झाली होती. बापाला ओळखावं की लाजावं हे न कळून ती पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली.

"नत्थुभाऊच्या बहिनीकडून निरोप हाये," मैनाबाई म्हणाली. "सोयरिक मोडली नाई त्याहीनं. तुमी जातीत आले की हळद."

जानराव त्या रात्री जेवला नाही.

पंच मारुतीच्या पारावर बसले. आधी खुनाचं निघालं. मेलेल्याचा सख्खा भाऊच उठला. "धुऱ्याचं भांडन होतं," तो म्हणाला. "आमच्याबी हातात कुऱ्हाड होती. त्याचा हात आधी पडला, एवढंच. झालं गेलं." लोकांनी माना डोलावल्या. खून त्यांना समजत होता. मग कोणीतरी मागून बोललं, "पन टोपीचं काय?"

 पंचांमधले म्हातारे महादेवराव पागोटं सावरत म्हणाले, "जानराव, खून रागानं होते. फटके मोजून मारले तू. ते आमच्यानं माफ होत नाई. नत्थुजीनं पयला घास घेतला, तं सारे जेवू. नाई घेतला, तं कोनीच नाई."

जानराव मान खाली घालून ऐकत होता. नत्थुजी येणार नाही याची त्याला भीती होती. येईल, याची त्याहून जास्त होती.

निरोप गेला आणि उत्तर आलं, येतो. अंगणात सडा घातला. मैनाबाईनं रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, डाळीचं वरण. पळसाच्या पत्रावळी मांडून जातवाले ओळीनं बसले. पहिल्या पत्रावळीची जागा रिकामी होती. शकुन दाराआडून बघत होती. तिचं सगळं आयुष्य त्या रिकाम्या जागेवर येऊन थांबलं होतं, आणि तिलाही ते माहीत होतं.

नत्थुजी काठी टेकत आला. वाळला होता. त्यानं जानरावकडं बघितलं नाही. पत्रावळीपाशी येऊन त्यानं काठी बाजूला ठेवली आणि खाली बसायला गेला. उजवा पाय मुडपला. डावा मुडपेना. तो अर्धवट खाली गेला, तसाच लटपटला, कपाळावर घाम आला. कोणीतरी हात द्यायला उठलं, त्याला त्यानं मानेनंच नको म्हटलं आणि काठीला धरून पुन्हा उभा राहिला. लोक आपापल्या पत्रावळीकडं बघू लागले. तुरुंगातून सुटून जातीत आल्यापासून नत्थुजी कोणाच्याच पंगतीला का येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. कोठडीत भिंतीला टेकून मांडी घालून बसलेला नत्थुजी जानरावला आठवला.

"महादेवराव," नत्थुजी म्हणाला, "उभ्यानं घास घेतला तं चालते काय? मले बसता येत नाई."

पंगतीचं अन्न उभ्यानं खात नाहीत.  "चालते," महादेवराव म्हणाले.

जानरावनं पत्रावळ उचलून दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.  नत्थुजीनं रोडग्याचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला.

"जेवा रे सारे," तो म्हणाला. "पोरीनं काय केलं कोनाचं?"

पंगत जेवली. जानराव जातीत आला. मैनाबाई भिंतीला धरून रडली. जानरावला मात्र रडूही आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात शकुनची हळद लागली. नवऱ्याकडचं वऱ्हाड अंजनगावाकडून बैलांच्या हलक्या दमण्या जुंपून आलं. मांडवात पंगती बसू लागल्या आणि जानराव कमरेला उपरणं बांधून वाढत राहिला. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. व्याही म्हणाले बसा, तो म्हणाला मागून जेवतो. शेवटच्या पंगतीला मैनाबाईनं त्याचं पान मांडलं, तेव्हा त्यानं ते उचललं आणि मांडवाच्या मेढीशी जाऊन उभ्यानं घास मोडू लागला. नत्थुजी तिथंच मेढीला टेकून उभ्यानं जेवत होता. आता आपण जन्मभर असंच जेवायचं, असं जानरावनं ठरवून टाकलं होतं. त्यात त्याला जरा बरंही वाटत होतं.

नत्थुजीनं त्याच्याकडं नीट बघितलं. तुरुंगातल्या त्या सकाळनंतर पहिल्यांदाच.

"हे काय लावलं?"

"काई नाई, नत्थुभाऊ. मीबी उभ्यानंच—"

"नाटकं करू नको," नत्थुजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुले बसता येते ना? मंग बस."

शेजारच्या पंगतीतली माणसं बघत होती. जानराव पत्रावळ घेऊन खाली बसला. मांडी सहज पडली. नत्थुजी वर, मेढीला टेकून उभा. जानरावनं भात कालवला आणि तो बघत असताना शेवटच्या शितापर्यंत जेवला.