लोकार्पणाचा अंक

आमदारसाहेबांच्या कार्यालयात मी दोन वर्षं होते. दर तीन महिन्यांनी निघणारं चार पानांचं कार्यवृत्त लिहायचं, एवढंच माझं काम. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो आणि मनोगत, दुसऱ्यावर अधिवेशनात काय झालं ते, तिसऱ्यावर मतदारसंघातली कामं आणि चौथ्यावर लोकांच्या उपयोगाची माहिती: मतदार यादीत नाव कसं घालायचं, कसं वगळायचं, कुठला दाखला कुठं मिळतो. मनोगतही मीच लिहायचे. एकदा एका सभेत साहेब माझं एक वाक्य जसंच्या तसं बोलले, आणि मी मागच्या रांगेत चपलेच्या पट्ट्याकडे बघत बसले.

मी लातूरची. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठीच, पण कागदावर मराठी लिहायची म्हटलं की माझा हात अडायचा. वडिलांचं भांड्याचं दुकान आहे, साहेबांची आणि त्यांची जुनी ओळख. "पोरीला लिहायला चांगलं येतं," असं वडिलांनी त्यांना सांगितलं. कुठल्या भाषेत, ते सांगितलं नाही. म्हणून मी नांदेड जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी आत्याकडे राहायला आले.

पहिल्या अंकाच्या वेळी मी साहेबांच्या पीएंना विचारलं होतं, की अमुक विधेयकावर साहेबांनी मत कुठल्या बाजूनं दिलं. पीएंना सगळे भाऊ म्हणायचे. ते हातातला चहा सांडेपर्यंत हसले.

"अहो मॅडम, आवाजी मतदान असतंय ते. होय म्हणणारे होय म्हणतात, अध्यक्ष संमत म्हणतात, झालं. कोण ओरडलं आन् कोण कँटीनमधी वडा खायला होतं, ते कोण लिहून ठेवतंय?"

"मग काय लिहू?"

"ठाम पाठिंबा दिला, असं लिहा. ठाम लिहा बरं का."

मी ठाम लिहिलं. साहेब वाईट माणूस नव्हते. सकाळी आठपासून लोक यायचे, त्यांना बसवायचे, चहा द्यायचे, फोन करायचे. काही कामं होत, काही होत नसत. कार्यवृत्तात मात्र सगळीच झालेली असायची.

कार्यालयात झाडलोट आणि चहापाणी करायला एक मावशी होत्या. पन्नाशीच्या, बारीक, भराभर चालणाऱ्या. त्यांचा नवरा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होता. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. पुढं मंगळवारी आणि शुक्रवारी मावशी त्यांना घेऊन सहाच्या एसटीनं नांदेडला डायलिसिसला जायच्या. त्या दिवशी चहा मी करायचे आणि सगळे नावं ठेवायचे.

नांदेडच्या त्या दवाखान्यात मशीन मोजकी. प्रत्येक मशीनवर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी ठरलेला पेशंट. त्याला सगळे नंबर म्हणत. मावशींना नंबर मिळायला चार महिने लागले होते.

"कुणी गेलं की नंबर मोकळा होतोय," त्या मला म्हणाल्या होत्या. "कुणाचं तरी वाईट झालं म्हणून आमचं भागलं, बघ." नवऱ्याच्या हाताबद्दलही त्या सांगायच्या. डायलिसिससाठी शीर जोडून दिली होती, तिथं बोट ठेवलं की घुं घुं लागायचं. "मोटार बसवलीय की त्यांच्या हातात. उसाच्या मळ्याला पाणी देईल, पण सोताला घोटभर प्यायची चोरी."

मावशींना वाचता येत नव्हतं. नवा अंक आला की दुपारी फरशी पुसून झाल्यावर त्या माझ्या टेबलापाशी खाली बसायच्या. "हं, वाच पोरी. काय काय केलं आपण?" मग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. चार माणसांत मला तोंड उघडायला व्हायचं नाही, पण मावशींना वाचून दाखवताना माझा आवाज नीट निघायचा. माझे अडलेले शब्द त्याच दुरुस्त करायच्या.

निवडणूक जवळ आली. आचारसंहिता आज लागते की उद्या, असं सुरू झालं. एकदा ती लागली की उद्घाटन नाही, फीत नाही, फलक नाही. त्यामुळे त्या आठवड्यात भाऊंच्या गाडीच्या डिकीत नारळाचं पोतंच होतं. सकाळी रस्ता, अकराला सभामंडप, दुपारी शाळेची खोली. कुठं काम पुरं होतं, कुठं अर्धं. गुरुवारी ग्रामीण रुग्णालयातल्या डायलिसिस केंद्राचं लोकार्पण होतं. मोबाइलवर फोटो काढायला मला नेलं.

खोलीला ताजा रंग दिला होता. दोन खाटा, दोन मशीन, त्यांच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. बाजूच्या छोट्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत काहीच नव्हतं. भिंतीतून दोन पाइप बाहेर आले होते आणि त्यांच्या तोंडात चिंध्या कोंबल्या होत्या.

दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. मला कळलं, कारण मावशींनी सांगितलं होतं: या मशीनला साधं पाणी चालत नाही, नांदेडला मागं मोठं यंत्र आहे, त्यातून शुद्ध झालेलं पाणी लागतं. मी तिथल्या सिस्टरना हळूच विचारलं.

"पाण्याचं मशीन यायचंय," त्या म्हणाल्या. "चालवणारा माणूस बी यायचाय. वरून सांगितलं, फीत तर कापून घ्या."

साहेबांनी फीत कापली. मी फोटो काढला. फोटोत ते अर्धं उघडं दार येत होतं, म्हणून मी दोन पावलं डावीकडे सरकले. मला कुणी सरकायला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी बातमी लिहिली: केंद्राचं काम अंतिम टप्प्यात असून ते लवकरच सुरू होईल. भाऊंनी वाचली.

"लवकरच काय लवकरच? लोकार्पण झालं ना? मग सुरू झालं. आन् जरा लोकांच्या काळजाला लागंल असं लिहा की. सरकारी जाहिरातीवानी कशाला?"

मी ते वाक्य खोडलं. केंद्र रुग्णांच्या सेवेत दाखल झाल्याचं लिहिलं. मग थोडा विचार करून पुढं लिहिलं, 'आता डायलिसिससाठी नांदेडला जाण्याची गरज नाही.' भाऊ म्हणाले, "ह्याला म्हणतात लिहिणं." मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत मराठीबद्दल मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

शनिवारी अंक छापून आला. गठ्ठे गावोगावी निघाले. दुपारी मावशी माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. भाऊ समोरच्या टेबलावर फोनवर होते. मी वाचत तिसऱ्या पानावर आले.

"परत वाच," मावशी म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"आपल्या हितल्या दवाखान्यात? खरंच?" त्यांनी अंक माझ्या हातातून घेतला आणि फोटो पदरानं पुसला. "अगं, चालत जाता येतंय की आमच्या घरून. त्यांला एसटीत चढवायचं म्हणजे... कंडक्टर बी वरडतोय."

मी म्हणणार होते, की मावशी, थांबा. शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात भाऊंनी फोन ठेवला.

"मावशी, साहेबांनी तुमच्यासाठीच आणलंय बघा! आता पार्टी पाहिजे."

"हाव की! खोबऱ्याची वडी करते तुमच्यासाठी," मावशी हसल्या. मग अंक खाली ठेवून त्यांनी साहेबांच्या फोटोला हात जोडले.

भाऊंसमोर मी काय बोलणार होते? ठरवलं, संध्याकाळी एकट्या असताना सांगू. पण मावशी नवऱ्याला सांगायला त्या दिवशी लवकर घरी गेल्या. रविवारी सुट्टी. त्यांचा फोन नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी तो दोनदा उघडला. फोन करायचा म्हटलं की मला आधी वाक्यं जुळवावी लागतात. ती जुळली नाहीत. मंगळवारपर्यंत वेळ आहे, सोमवारी त्या कामावर येतीलच, असं मी स्वतःला सांगितलं.

सोमवारी त्या आल्या नाहीत. आचारसंहिता लागली होती. कार्यालयाच्या फलकावर कागद चिकटवण्यात आमचा दिवस गेला. मावशी का आल्या नाहीत, ते मला मंगळवारी दुपारी कळलं.

सोमवारी त्या एकट्याच नांदेडला गेल्या होत्या. नंबर परत द्यायला. अर्धापूरकडची एक बाई आपल्या वडिलांना घेऊन कित्येक आठवडे तिथल्या बाहेरच्या बाकावर बसून होती, नंबर लागावा म्हणून. मावशी तिला ओळखत होत्या, डब्यातल्या दशमीतली अर्धी तिला देत होत्या. "आमचं हितंच झालं, आता आमचा नंबर तिला द्या," असं त्यांनी तिथल्या माणसांना सांगितलं. ती बाई त्यांच्या पाया पडली म्हणे. मावशी आपल्या खर्चानं गेल्या आणि आपल्या खर्चानं आल्या, आणि मंगळवारी सकाळी नवऱ्याला आंघोळ घालून, पिशवीत टॉवेल अन् बिस्किटाचा पुडा घेऊन, आपल्या गावच्या रुग्णालयात गेल्या.

खोलीला कुलूप होतं.

सिस्टर म्हणाल्या, आता आचारसंहिता संपल्यावरच. नवऱ्याला तिथल्या पायरीवर बसवून मावशी कार्यालयात आल्या. आल्या त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना वाटत होतं, किल्ली कुणाकडं आहे ते भाऊंना माहीत असेल.

भाऊंचा चेहरा उतरला. ते ओरडले, पण मावशींवर नाही. "अवो, नंबर कशाला सोडायचा! हातातला नंबर सोडतंय का कुणी?"

"छापलं होतं ना," मावशी म्हणाल्या. "गरज न्हाई म्हणून."

भाऊ माझ्याकडं बघायचे टाळत होते आणि मी त्यांच्याकडं. नंतर त्यांनी खरंच खूप फोन केले, हे मला लिहायला हवं. एरवी साहेबांचं पत्र दिलं असतं, पण आचारसंहितेत लेटरहेड वापरायला ते घाबरत होते. नांदेडच्या दवाखान्यानं सांगितलं, जागा भरली, कुणी गैरहजर राहिलं तर घेऊ.

त्यानंतर मावशी नवऱ्याला घेऊन रोज सहाच्या एसटीनं जाऊन त्याच बाहेरच्या बाकावर बसायच्या. पहिल्या आठवड्यात एकदा डायलिसिस झालं. मग सहा दिवस नाही. भाऊंनी एकदा स्वतःच्या खिशातून खासगी दवाखान्यात करून दिलं. नवऱ्याचे पाय सुजले, मग चेहरा सुजला, मग त्यांना आडवं होता येईना, बसूनच झोपायचे. हे मला आत्या सांगायची. तिला गल्लीतून कळायचं. अर्धापूरची ती बाई एका शुक्रवारी म्हणाली, की आज माझ्या बापाच्या जागी यांना घ्या. डॉक्टरांनी तिच्या वडिलांना तपासलं आणि नाही म्हणाले. त्यांनाही एक वार चुकवून चालण्यासारखं नव्हतं.

प्रचार जोरात असताना, एका दुपारी, मावशींचे यजमान त्या बाकावर बसल्याबसल्याच गेले.

आम्ही सगळे मातीला गेलो. साहेबही प्रचार सोडून आले, लांब उभे राहिले, कुणाला फोटो काढू दिला नाही. मावशींनी त्यांना नमस्कार केला. त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत, आणि मला त्याचं हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी अजून विसरलेले नाही.

मतदानाच्या दोन दिवस आधी मावशी कार्यालयात आल्या. कामावर नव्हे, माझ्याकडं. हातात मतदानाच्या दोन चिठ्ठ्या होत्या. घरी वाटणाऱ्यानं दोघांच्या नावाच्या दिल्या होत्या.

"माझी कळली," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या चिठ्ठीचं काय करायचं?"

मी सांगितलं, की नाव कमी करायला अर्ज असतो, यावेळच्या यादीतून नाही निघणार, पण पुढच्या वेळी निघेल. अर्ज काढला आणि भरायला बसले. नाव, वय, नातं, पत्ता. वगळण्याचं कारण, तिथं मृत्यू लिहिलं. कार्यालयात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. सगळे सभेला गेले होते.

"मावशी," मी म्हणाले, "गरज नाही, हे वाक्य माझं होतं. भाऊंनी सांगितलेलं नव्हतं."

त्यांनी हातातल्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या.

"आणि तिथं पाण्याचं यंत्र नाही, हे मी बघितलं होतं."

"कवा?"

"फीत कापली त्या दिवशी."

त्यांनी मनात काहीतरी मोजलं. "म्हंजी शनिवारी वाचून दाखवलंस, तवा तुला ठाव होतं."

"हो."

"भाऊ बसले होते म्हणून बोलली न्हाईस."

"हो."

मला वाटलं होतं, इथवर सांगितलं की सगळं सांगून झालं. मावशी माझ्याकडं बघत होत्या. राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, समजून घ्यायला.

"मंग रविवारी? रविवारी तर भाऊ नव्हते की गं."

लातूरच्या त्या शाळेतलं नाही आणि घरातलंही नाही, कुठल्याच भाषेतलं वाक्य माझ्याजवळ नव्हतं. बाहेरून प्रचाराची रिक्षा गेली, तिचा आवाज पार बसस्टँडपर्यंत ऐकू येत राहिला.

मावशींनी अर्ज आपल्याकडं ओढला. त्यावरच्या अक्षरांकडं बघितलं.

"अंगठा कुठं लावायचा, तेवढं दाखव," त्या म्हणाल्या.

मी जागेवर बोट ठेवलं.