सैल सोडलेलं अंग

निवृत्तीला दोन महिने उरले, तरी मामांची वॉर्डबॉय ही पदवी काही सुटली नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी पेशंट उचलले, खाटेवरून स्ट्रेचरवर आणि स्ट्रेचरवरून खाटेवर. त्यामुळे इस्पितळाचा प्रसूती विभाग बंद करून खाटा ट्रकने हलवायचं ठरलं आणि गल्लीतल्या बायका फाटकात ठाण मांडून बसल्या, तेव्हा शिकवणी मामांकडेच आली.

"पोलीस उचलायला आले की ताठ होऊ नका. ताठ माणूस म्हणजे ओंडका, दोघं सहज नेतात. अंग सैल सोडा, मग चौघं लागतील."

"चौघं मेल्यावर लागतात," मामी म्हणाल्या.

"आपण जिवंतपणीच लावू."

कोर्टाच्या स्थगितीचा कागद सहाला येणार होता. तोवर ट्रक अडवायचा. पाचला पोलीस आले आणि सुरुवात मामांपासूनच झाली. मामांनी असं काही अंग सोडलं की मामींनीही वाकून त्यांचा श्वास चालू असल्याची खात्री केली. दोन तरुण शिपायांनी त्यांच्या बगलेत हात घालून हिसका दिला, आणि त्यातला एक कळवळून कंबर धरून बसला.

मामांना राहवलं नाही. डोळे मिटूनच ते म्हणाले, "कमरेतून नाही, गुडघ्यातून वाका. चौघं या. आणि मान सांभाळा."

शिपायांनी तसंच केलं. मामा अलगद गाडीत पोचले. मागून मामींचा आवाज आला, "घरभेदी मेला."

गाडीच्या जाळीतून बघताना मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्माची खोड, ती आजच नडायची होती. पण हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की आता कुणालाच दोघंजण उचलत नव्हते. पोलीस बायकासुद्धा चौघी जमायच्या, बेताने वाकायच्या, मान सांभाळत एकेकीला काचेच्या बरणीसारखं नेऊन ठेवायच्या. साहेब ओरडून दमले.

"साहेब, कमरेचा प्रश्न आहे," शिपाई म्हणाला.

सहाला कागद आला, तेव्हा फाटकात अजून चोवीस बायका आडव्या होत्या. त्यातल्या दोघींना चक्क झोप लागली होती.

मामा गाडीतून उतरतात तोच एक टॅक्सी येऊन थांबली. आत कळा सुरू झालेली बाई होती. सवयीने मामा धावले, पण ते पोचेपर्यंत चार पोलीस बायकांनी तिला उचलून आत नेलंही होतं. पाऊण तासाने विभागातून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा फाटकातल्या बायकांपेक्षा त्या चौघीच मोठ्याने हसल्या.