बरगडीखालची कड

तळव्यावर तळवा घासल्याचा तो कोरडा आवाज अजून येतो. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या बर्फात खिडक्या घट्ट मिटलेल्या असतात, घरात कुणी नसतं, आणि मला तो स्पष्ट ऐकू येतो.

आमच्या डॉक्टरमावशी जनावरांच्या डॉक्टर. नागपूरहून आल्या आणि इथेच त्यांचे केस पिकले. कुत्र्याला तपासण्याआधी त्या तळवे चोळत, मग चहाच्या मगाभोवती धरत. म्हणत, "थंड हात लागला की पोट आखडतं गं. यकृत लपून बसतं." तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, ज्यांचा हात आधी परवानगी मागतो, मग शोधतो.

आमचा भुऱ्या पुण्याच्या रस्त्यावरचं पिल्लू; लेकीने हट्टाने आणलेलं. प्रवासापुरती रेबीजची लस झाली होती, बाकीच्या राहिल्या होत्या. आल्यावर काही दिवसांतच तो तापाने फणफणला, ओकू लागला, पोटाला हात लावू देईना. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना मारणाऱ्या त्या विषाणूची, चाचणी निगेटिव्ह आली तेव्हा मी सुटकेचा निःश्वास सोडला. मावशींनी सोडला नाही. ओठ उचलून त्यांनी हिरड्यांवरचे लाल ठिपके पाहिले, उबदार बोटांनी पोट चाचपलं, आणि माझा हात ओढून त्याच्या बरगडीखाली ठेवला.

"सापडलं?"

सुजलेल्या यकृताची कड माझ्या बोटांना लागली.

"संसर्गजन्य यकृतदाह वाटतोय. लसीमुळे इथे हा विषाणू फारसा दिसत नाही, म्हणून चटकन आठवतही नाही. रक्त पीसीआर चाचणीला पाठवते."

तोच निघाला.

"मावशी, इज ही गोइंग टू डाय?" लेकीने विचारलं.

"ऑनेस्टली? ठाऊक नाही, राजा. या विषाणूवर औषध नाही. सलाइन लावायचं, वेगळं ठेवायचं, आणि वाट पाहायची."

भुऱ्या वाचला. बरा होताना त्याचा एक डोळा धुरकट निळा झाला, तेव्हा मी रडतच फोन केला. "अगं वेडे, लढाई संपल्यावरचा धूर आहे तो. बहुतेक विरेल." विरलाही, कडेला एक निळसर पापुद्रा तेवढा उरला.

गेल्या हिवाळ्यात मावशींच्याच यकृतात कर्करोग निघाला. उशिरा.

भेटायला गेले तेव्हा खोलीत स्पिरिटचा आणि कोमेजल्या फुलांचा वास होता. मी कॉफीच्या कपाभोवती हात धरले, तळवे चोळले, आणि मग एक हात हलकेच त्यांच्या पांघरुणावर, बरगडीपाशी ठेवला. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. ओठ तेवढे हलले.

"सापडलं?"