पहिली चांदी कोणाच्या देवापुढं

माळशिरसकडच्या माझ्यासारख्या मुलाला आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी सोलापुरात स्वतःच्या घरी ठेवून बी.एस्सी. केलं, ते उपकार फिटायचे नाहीत. पण फोटो धुण्याच्या औषधाचा आंबट वास आला की मला सरांच्या आधी माझा एक वर्गमित्र आठवतो. त्या काळी फोटो स्टुडिओवाले वापरलेलं औषध गटारात ओतत आणि त्यात विरघळलेली चांदी वाया जाई. ती परत मिळवायचा सरांना ध्यास होता. उन्हाळाभर मी शुक्रवार पेठेतून सायकलवर औषधाचे कॅन वाहिले, जस्ताची पूड टाकून काळा गाळ खाली बसवला, वाळवला. गाळ आटवून चांदी ओतायच्या दिवशी मात्र सरांनी वितळवायची मूस त्या मित्राच्या हाती दिली, कारण तो सराफाचा मुलगा. “सर, मी करतो की,” मी म्हणालो. “तू भाता मार. त्याच्या घरी रोज मूस तापते,” सर म्हणाले. लालभडक मुशीतून त्याने हरभऱ्याएवढी चांदी ओतली आणि मला म्हणाला, “आमच्यात जो ओततो, त्याच्याच देवापुढं पहिली चांदी ठेवत्यात. तू कॅन धुऊन टाक की, लई वास मारतोय!” सरांनी हसून त्याची पाठ थोपटली. चांदी त्याच्या देव्हाऱ्यात गेली आणि मी कॅन धूत बसलो. निकाल लागल्यावर मी गावाहून सरांना पत्र टाकलं: “पहिल्या वर्गात पास झालो. आमच्या घरात पदवीधर मीच पहिला. सारं आपल्यामुळे. सोमवारी येतो, कॅनही मीच आणीन. या खेपेला मूस मात्र माझ्या हाती द्यावी. आईने देव्हाऱ्यात जागा करून ठेवली आहे.”