कुंकवाखालचा गंज

नवऱ्याची बदली चेन्नईजवळ तांबरमला झाली आणि मी तिथल्याच एका छोट्या कारखान्यात माल तपासायच्या कामाला लागले. पंपाच्या दांड्याभोवती बसणारी पोलादी नळकांडी, म्हणजे बुश, बनायचे तिथे. मालक तंजावरकडचे मराठी. जुन्या वळणाचं मराठी तमिळ हेल काढून बोलायचे आणि तिकडे बायकांना म्हणतात तसं मला 'मा' म्हणायचे. जर्मनीची ऑर्डर मिळेल या भरवशावर त्यांनी दुसरी पाळी सुरू केली होती. नमुन्याचा लॉट नापास झाला तर त्या पाळीतली माणसं घरी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लॉट नेमका आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, बांधला. मशीनना चंदन-कुंकू लावलं, तसं मी हौसेनं वरच्या पाच बुशांनाही लावलं. त्याच लॉटमधले पडताळ्यासाठी आमच्याकडे ठेवायचे काही नग होते, त्यांनाही लावलं. पहिलाच परदेशी माल, शकुन नको का?

दोन महिन्यांनी जर्मनीहून पत्र आलं: पाच नगांवर गंज, लॉट नापास. माझं डोकंच फिरलं. "अहो, कुंकू आहे ते! डोळे फुटले का मेल्यांचे?" तावातावानं तसं उत्तर लिहून मी मालकांपुढे ठेवलं.

"आधी धुऊन बघूं, मा," ते म्हणाले. आमच्याकडचा एक नग त्यांनी रॉकेलनं पुसला. कुंकवाखाली खरंच गंज होता. ओल्या चंदनानं पोलाद खाल्लं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  मालकांनी माझं पत्र फाडलं आणि स्वतः लिहिलं: गंज आमचाच, दुसरा लॉट पाठवतो.

मग त्यांनी नियमच केला: प्रत्येक नग धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचं, उघड्या हातानं शिवायचं नाही. ज्यानं बनवला त्यानंच माप तपासून पुढे द्यायचा. पोरं कुरकुरली. पण पूर्वी अर्धा दिवस बिघडलेले नग दुरुस्त करण्यात जायचा, तो वाचला. तीच मशीनं, तीच माणसं, आणि संध्याकाळपर्यंत रखडणारं काम दुपारच्या चहाला उरकायला लागलं!

दुसरा लॉट पास झाला. दुसरी पाळी टिकली. लोक म्हणायचे, परदेशी गिऱ्हाइकानं कारखाना सुधारला. असेल, पण माझं पत्र गेलं असतं तर काय सुधारणार होतं, कपाळ?

पेढे वाटून झाल्यावर मी म्हटलं, "आता इथल्या गिऱ्हाइकांना जुन्या पद्धतीनं चालेल ना? त्यांची कधी तक्रार नव्हती."

मालकांचा चेहरा पडला. "तक्रार नव्हती म्हणूनच, मा, इतकी वर्षं आपण त्यांना तसला माल दिला."