पान पलटवा, आई

रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मयुरी निनावे रक्त काढायचं काम करायची. ज्यांची नस कुणाला सापडत नाही असे पेशंट तिच्याच खुर्चीकडे पाठवले जायचे. तान्ही पोरं, औषधांनी नसा करपलेली माणसं, जाड दंडाच्या बायका. ती डोळ्यांनी शोधायचीच नाही. तर्जनी कोपराच्या खळगीत ठेवायची, जरा दाबायची, सोडायची आणि म्हणायची, "आहे इथे." सुई एकदाच टोचायची.

संक्रांतीच्या सुमारास तिचं पोट बिघडलं. दोन-चार दिवसांत बरंही झालं. पण मग एका सकाळी स्कूटीवरून उतरताना पाय जमिनीला टेकला तो तिला कळलाच नाही. संध्याकाळपर्यंत गुडघे गेले, दुसऱ्या दिवशी हात. दवाखान्यात नेलं तेव्हा श्वाससुद्धा अर्धाच येत होता. डॉक्टरांनी जीबीएस सांगितलं. शरीर आपल्याच नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, उलटतं, असा तो आजार. इंजेक्शनं झाली, आयसीयू झालं. जीव वाचला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "नसा परत येतील. पण त्यांच्या चालीनं येतील, आपल्या नाही."

घर तांडापेठेत. पुढच्या खोलीत पूर्वी हातमागाचा खड्डा होता, तो बुजवून वर टाईल्स बसवलेल्या. तिथेच मयुरीचा पलंग टाकला. नवरा संजीव हिंगण्याच्या एका कारखान्यात मशीन चालवायचा, पहाटे कंपनीच्या बसने जायचा. दिवसभर घरात दोघीच. मयुरी आणि तिची सासू सखूबाई.

या दोघींचं कधी भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. सखूबाईंचा जन्म मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात गेला. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिलेली. सून दिवसभर लोकांचं रक्त काढते, हे त्यांना कधी रुचलं नव्हतं. आणि आता त्याच सुनेला भरवायचं, पुसायचं, कूस बदलून द्यायची. त्या सगळं करत होत्या, पण तोंड मिटून. मयुरीला त्या मिटलेल्या तोंडाची लाज वाटायची. तिने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

आठवड्यातून काही दिवस वेदिका यायची. ती फिजिओथेरपिस्ट. प्लास्टिकच्या नळीत तीन गोळे असलेलं यंत्र ती मयुरीच्या तोंडाशी धरायची. श्वास आत ओढायचा, गोळे वर जायला पाहिजेत. एकच गोळा जायचा, तोही अर्ध्यावर थरथरून खाली यायचा.

"छाती वापरा ना ताई," वेदिका म्हणाली. "बोला, गाणं म्हणा, हसा. काहीही करा."

"हासू कायचं?" मयुरी म्हणाली.

पुढच्या वेळी येताना वेदिकाने एक पातळसं पुस्तक आणलं. पिठाची चक्की चालवणाऱ्या दुर्गाबाई नावाच्या बाईची ती गोष्ट होती. एका लहानशा गावात चोऱ्यामाऱ्या होतात, आणि दळणाच्या रांगेतल्या गप्पा ऐकून ही बाई चोर शोधते. तिच्या भुवयांवर कायम पीठ. चक्कीच्या आवाजाने नवरा ठार बहिरा, विचारलं एक की सांगतो दुसरंच. गावचा जमादार शूर, फक्त उंदीर पाहिला की टेबलावर चढतो.

"अशी कितीतरी आहेत," वेदिका म्हणाली. "आमच्या घरी सगळे आजारी पडले की हीच वाचतात."

जाताना तिने उशीवर पुस्तक टेकवून दिलं. मयुरीने डावं-उजवं पान वाचलं आणि ती अडली. हात चादरीवर नुसते पडलेले.

"आई," तिने हाक मारली. "पान पलटवा."

सखूबाई भाजी निवडत होत्या. हात पुसून आल्या, पान उलटलं, परत गेल्या. जरा वेळाने पुन्हा हाक. पुन्हा. शेवटी भाजीची परातच त्यांनी पलंगाशी आणून ठेवली.

जमादार टेबलावर चढला त्या पानावर मयुरीच्या तोंडून एक आवाज निघाला. उचकीसारखा. सखूबाई घाबरून उठल्या.

"काय झालं वं? श्वास अडकला काय?"

"नाही. हासू आलं."

"काहून?"

मयुरीने सांगायचा प्रयत्न केला, पण ते सांगून हसू येणारं नव्हतं. म्हणून तिने वाचूनच दाखवलं. एका वाक्याला दोनदा थांबून, श्वास घेऊन. सखूबाईंनी ऐकलं, आणि मेथीची जुडी हातात धरून त्या अशा हसल्या की शेजारणीने पलीकडून भिंतीवर थाप मारली.

मग ते रोजचंच झालं. सकाळचं काम आटोपलं की सखूबाई पलंगाशी बसायच्या. मयुरी मोठ्याने वाचायची, त्या पान उलटायच्या. त्यांना अक्षर लागत नव्हतं, पण मयुरीचा आवाज ओळीच्या शेवटाला कसा उतरतो ते कळू लागलं होतं, आणि हाक मारायच्या आधीच त्यांचं बोट पानाच्या कोपऱ्यावर यायचं. एक पुस्तक संपलं की लगेच दुसरं. वेदिका यायची तेव्हा दोघी तिच्या हातांकडे आधी बघायच्या, पिशवीत काय आहे म्हणून.

चोर कोण, यावर वाद व्हायचा. सखूबाईंचं एकच शास्त्र होतं.

"जो गोड बोलते थोच चोर. ही मावशी पाह्य, कशी साखर पेरून राहिली! हिनंच नेला मंगळसूत्राचा डबा."

"आई, मागच्या बारीले पण तुम्ही असंच म्हटलं होतं."

"मागच्या बारीले लिहिणाऱ्याचं चुकलं."

त्यांचा अंदाज एकदाही खरा ठरला नाही. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. जेवताना त्या संजीवला गोष्ट सांगायच्या, त्यात मूळ गोष्टीत नसलेल्या दोन-तीन बायका घुसायच्या. संजीव आईकडे बघायचा, बायकोकडे बघायचा, आणि भाजी वाढून घ्यायचा.

नळीतला दुसरा गोळा वर गेला. मग तिसराही हलला. मयुरी उशांना टेकून बसू लागली. दंड उचलला जायचा, मनगट वळायचं. पण बोटं? बोटं ऐकत नव्हती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ यायची आणि मधे काही धरण्याआधीच सुटायची. तर्जनीच्या टोकाला तर कापूस गुंडाळल्यासारखं वाटायचं.

"हे बोट नाही आलं तर मी काय करू?" तिने वेदिकाला एकदा विचारलं.

"येईल ताई."

"केव्हा ते नाही विचारून राहिली. येईल का, ते विचारून राहिली."

वेदिका खरं बोलणारी मुलगी होती. ती म्हणाली, "मला माहीत नाही. पण तुम्ही त्याला काम दिलं नाही तर नक्की येणार नाही."

त्या दिवसापासून मयुरी जेवताना चमचा मागू लागली. अर्धं सांडायचं, तरी मागायची.

उन्हाळा चढला, कूलर सुरू झाला, आणि मालिकेतलं शेवटचं पुस्तक घरात आलं. गावात लग्न, आणि वरातीच्या आदल्या दिवशी बँडवाल्यांचा सगळ्यात मोठा भोंगा गायब. अर्धं पुस्तक झालं होतं, तोच कुहीहून निरोप आला. सखूबाईंची धाकटी बहीण पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. जाणं भाग होतं.

सखूबाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "पुढचं वाचजो नको वं. मी येतोपर्यंत थांबजो."

"थांबतो."

दुसऱ्या दिवशी संजीवने जाताना पाण्याची बाटली नळीसकट ठेवली, मोबाईल उशाशी ठेवला, शेजारणीला दुपारी डोकावायला सांगितलं. मयुरी सकाळभर थांबली. समोर मांडीवरच्या उशीवर पुस्तक उघडं होतं. उघड्या पानाच्या शेवटी दुर्गाबाईने कणकेचा हात झटकून म्हटलं होतं, "भोंगा कुठे आहे ते मला कळलं." पुढचं पलीकडच्या पानावर.

मयुरी त्या पानाकडे बघत राहिली. आईला शब्द दिला होता, खरं. पण पान आणि तिच्यामध्ये आता फक्त तिचा हातच होता, आणि तो तिला तिथे असा पडलेला बघवेना.

तिने तळहात कागदावर टेकवला आणि ओढला. कागद मुडपला आणि परत सरळ झाला. पुन्हा. मग बोटाचं पेर ओठाला लावून ओलं केलं. एकदम चार पानं उलटली. ती परत आणताना सहा मागे गेली. मधेच कूलरच्या झोताने सगळी पानं फडफडली आणि पुस्तक सुरुवातीवर येऊन थांबलं. ती त्या कूलरला जे बोलली ते सासूपुढे कधी बोलली नसती. पुन्हा पहिल्यापासून. घामाने कपाळ भिजलं. आणि एकदा, कसं ते तिलाही कळलं नाही, अंगठ्याने कोपरा वर उचलला, तर्जनीने खालून धरला, आणि एकच पान, हवं तेच, पलीकडे गेलं.

तिने ते वाचलं. पुढचं उलटायला गेली आणि मनगटाचा धक्का बसून पुस्तक घसरलं. पलंगाच्या कडेवरून खाली, जमिनीवर, उपडं.

शेजारीण डोकावली, "सगळं ठीक ना?" म्हणाली. मयुरी "हो" म्हणाली. पुस्तक उचलून मागता आलं असतं. तिने मागितलं नाही. शेजारीण गेल्यावर तिने आधी एक उशी खाली ढकलली. मग कोपरांवर भार देत पाय कडेशी आणले, एक, मग दुसरा, आणि पलंगाला पाठ घासत खाली सरकत गेली. शेवटचा वीतभर भाग धपकन झाला. उशीवर बसली ती. हसू आलं तिला, एकटीलाच.

वर चढता येणार नव्हतं, ते तिला ठाऊक होतं. तिने पुस्तक कोपराने ओढलं, पोटावर पडली आणि वाचू लागली.

संजीव आला तेव्हा पलंग रिकामा आणि बायको टाईल्सवर. त्याच्या हातातला डबा खाली पडला.

"मयुरी! पडली काय तू?"

"पडली नाही. उतरली."

"कायले उतरली? कुठं लागलं? डॉक्टरले फोन लावतो..."

"अहो, चूप बसा ना जरा. दोन पानं राहिली."

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिला उचलायला पुढे केलेले हात तसेच राहिले, कारण तिची बोटं पानाच्या कोपऱ्यावर गेली होती, सुटली, पुन्हा गेली. पान उलटलं. संजीवने डोळे पुसले आणि शर्टाला नाक पुसलं. मयुरीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती वाचत होती.

वेदिकाने दुसऱ्या दिवशी तिला चांगलं फैलावर घेतलं. पडून हाड मोडलं असतं तर? मग तिने मयुरीच्या अंगठा-तर्जनीच्या चिमटीत कागदाची पट्टी दिली आणि ओढून पाहिली. पट्टी लगेच सुटली नाही.

सखूबाई बहिणीचं ऑपरेशन पार पाडून परतल्या. चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वाचलं तू. तुह्या तोंडावरच दिसून राहिलं. कोण होय चोर?"

"नाही सांगत. वाचून दाखवतो. पण आज तुम्ही पान पलटवू नका."

सखूबाई बसल्या. मयुरीची बोटं दर पानाला अडखळत होती. सखूबाईंचा हात दोनदा पुढे आला, मग त्यांनी तो पदराखाली मांडीवर दाबून धरला. एका पानाला एवढा वेळ लागायचा की चहा निवून जायचा. पण त्यांनी घाई केली नाही. मधे फक्त एकदा म्हणाल्या, "नवरदेवाची आत्याच होय. लय गोड बोलते."

आत्या नव्हती. भोंगा दुर्गाबाईच्या बहिऱ्या नवऱ्यानेच लपवला होता. कितीतरी वर्षांनी त्याला पहिल्यांदा काहीतरी ऐकू आलं होतं, आणि ते इतकं बेसूर होतं की त्याला सहन झालं नाही.

सखूबाई पलंगाचा खूर धरून हसायला लागल्या. मयुरीही. हसता हसता सखूबाई म्हणाल्या, "तुह्या लॅबवाल्याइले सांग, पोरगी येऊन राहिली म्हणून."

लगेच काही ती गेली नाही. पावसाळा गेला, दसरा गेला. डाव्या पायाचं पाऊल पूर्ण उचललं जात नाही, बुटात पट्टी घालावी लागते, ती अजूनही लागते. लॅबने आधी तिला काउंटरवर बसवलं. ती नावं लिहायची आणि जेवणाच्या सुट्टीत सरावाच्या रबरी हातावर बोट ठेवून बसायची. रोज. लॅबचे साहेब म्हणाले, काउंटर वाईट नाही, कायमचं घ्या. ती म्हणाली, "सर, मले सुई द्या. पाहिजे तर पहिली तुमच्याच हातावर मारतो."

त्यांनी खरोखर बाही वर केली. तिने तर्जनी ठेवली. बोटाच्या टोकाला अजून जरा कापूस होता, पण कापसाखाली काहीतरी उसळत होतं. ती दाबत राहिली, सोडत राहिली. साहेब तोंड फिरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"आहे इथे," ती म्हणाली.

नळी लाल झाली. तिने कापूस दाबला आणि पट्टी लावली. मग बाहेर बसलेल्या पुढच्या पेशंटला आत बोलावलं.